पाडव्याची दुसरी सकाळ

पहिला दिवस

आत्तीचा फोन आला तेव्हा मी एका अपिलाची नक्कल टाइप करत होते. "पाडव्याला येतीस काय गं?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. जाणं भाग होतं. आत्तीनं आजवर पाडव्याला कुणाला बोलावलेलं नाही. दिवाळीला बोलावते, जोतिबाच्या यात्रेला बोलावते, पाडव्याला नाही.

स्वारगेटहून सकाळची एस.टी. धरली आणि दीडच्या सुमाराला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले. ऊन चांगलंच तापलं होतं. कोल्हापूरच्या प्रवासवर्णनात मिसळ आणि तांबडा-पांढरा आलाच पाहिजे असा नियम असेल तर तो मी मोडतेय. जेवण घरीच होतं, आणि घरी जायची घाई नव्हती म्हणून दसरा चौकातून चालत निघाले. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची माणसं आता मुंबईऐवजी इथं येतात. बाहेर झाडाखाली काळे कोट आणि त्यांच्यामागे पिशव्या घेतलेली माणसं. पिशवी धरायची एक पद्धत असते. कागद असलेली पिशवी माणूस हातात लोंबकळत धरत नाही, छातीशी धरतो. आमच्या ऑफिसातही हेच बघते. मी वकील नाही, वकिलाकडे टायपिंग करते. पण घरात मला 'वकीलीणबाई'च म्हणतात.

तिथून चप्पल लाईन. खरेदी करायची नव्हती, पण कोल्हापुरात येऊन चप्पल न बघणं जमत नाही. एक कापशी आवडली. दुकानदार म्हणाला, "आवाजाची देऊ का बिनआवाजी?" आत 'विंचू' म्हणतात तो जिन्नस घातला की चालताना करकर वाजते. मी म्हटलं, कोल्हापुरी घ्यायची तर आवाजाचीच. तिथंच पायात घातली आणि पाचगावची बस धरली.

दादाच्या, म्हणजे आत्तीच्या मुलाच्या, घराला बाहेरून जिना आहे. दुसऱ्या पायरीवरच चपलांनी तोंड उघडलं. कर्र, कर्र. वर पोचले तर आत्ती दारात. मेथी निवडता निवडता उठून आली होती, मुठीत जुडी तशीच. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डोक्यावर वीतभर, जिथं एखाद्या उंच माणसाचा चेहरा असेल, तिथं बघत होती. मग नजर खाली आली. "चपला बाहीर काढ," म्हणाली आणि आत गेली. वहिनींनी काही न बोलता चपला उचलल्या, पेपरात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. "आमच्यात आवाजाच्या चालत न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, कापशी घालायचे. कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या खेड्यात त्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं, आणि ते गल्लीत वळले की आत्तीला चुलीपाशी कळायचं. मला हे माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं. चप्पल घेताना आठवलं नाही, याला काय म्हणायचं?

मामांची एकच चप्पल परत आली.

दुसरा दिवस

पाडवा. सकाळी गुडी वहिनींनी उभारली. जरीचं कापड, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची माळ, वर तांब्या पालथा. सगळं रीतसर. आत्ती त्या वेळी आतल्या खोलीत पाठ करून बसते. घरात याची इतकी सवय आहे की कुणी हाकही मारत नाही. पूजा झाली की दादाचा मुलगा सोन्या कडुनिंबाची चटणी आत नेऊन देतो, ती ती खाते, आणि बाहेर येऊन पोळ्या लाटायला लागते.

दादा तेव्हा दीड वर्षाचा होता, त्यामुळे जे काही सांगायचं ते आत्तीनंच, आणि ती सांगते ते तारखेनं नव्हे, तिथीनं. १९८१ साली पाडवा ५ एप्रिलला, रविवारी आला होता. निपाणीला तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला त्याला तीन आठवडे झाले होते. १४ मार्चला सुरुवात. पुढं शरद जोशी, मागं शेतकरी संघटनेचा बिल्ला लावलेली हजारो माणसं, बैलगाड्या, रस्त्यावरच चुली. त्या वस्तीला नावच पडलं, आंदोलननगर. मागणी साधी: किलोला दहा रुपये. शेंडा खुडायचा, बगलफूट काढायची, पानं वाळवायची, बोदं भरायची, आणि वखारवाल्यानं वास घेऊन म्हणायचं, माल हलका आहे. मामा सणापुरते घरी आले. आत्तीनं तिच्या लग्नातलं पातळ गुडीला लावलं होतं. पोळी खाऊन झोपले, आणि पाडव्याच्या दुसऱ्या सकाळी शेजाऱ्याच्या गाडीतून परत गेले. जाताना गाडीत बसले म्हणून चपला वाजल्या नाहीत. हे ती दरवेळी सांगते, यात काहीतरी चुकलं असावं अशा आवाजात.

त्या सोमवारी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. लाठी, अश्रुधूर, मग गोळ्या. गेलेल्यांचा आकडा कुणी बारा सांगतं, कुणी तेरा. आत्तीच्या हिशेबात तो कायम एकच राहिला. वर्षभरानं दादाला कडेवर घेऊन ती कागल तालुक्यात, माहेरी आली. माझे वडील तिचे थोरले भाऊ. घरात 'गोळीबार' हा शब्द कुणी वापरत नसे. 'त्या गर्दीत' म्हणायचे. मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं, मामा जत्रेतल्या गर्दीत हरवले.

दुपारी श्रीखंड-पुरी खाऊन सगळे आडवे झाले आणि सोन्या जनरल नॉलेजचं पुस्तक घेऊन माझ्यापुढं बसला. वीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय. "विचार की आत्या, कुठलं पण."

"टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात किती दिवस?"

"एकशे एक. १८८२. कोल्हापूर प्रकरण."

"कसलं प्रकरण?"

"ते न्हाई इचारत."

ते मी सांगितलं. चौथे शिवाजी, इथलेच छत्रपती, विशीतला पोरगा. वेडा ठरवून इंग्रजांनी पहाऱ्यात ठेवलेला. त्याच्या हालांबद्दल 'केसरी'त आणि 'मराठा'त छापून आलं, म्हणून संपादक आत गेले. दुसऱ्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, नगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि राजा मेला. मागं राहिल्या आनंदीबाई. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी कागलकर घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला, तेच शाहू महाराज. सोन्याला दत्तकविधानाची तारीख पाठ होती, १७ मार्च १८८४. मला त्या तीन महिन्यांतल्या आनंदीबाई दिसत होत्या. नवरा पहाऱ्यातच मेला, पहारा ज्यांचा त्यांच्याकडंच दत्तकाची परवानगी मागायची. राजवाड्यात काय, खेड्यात काय, मागं राहिलेल्या बाईला पुढचं सगळं त्याच दारातून मिळवायचं असतं. रेशन, दाखला, मुलाची नोकरी, सगळं.

"सहा एप्रिल?" मी विचारलं.

"१९३०. दांडी. मीठ उचललं," सोन्या म्हणाला. मग एकदम गप्प झाला. आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकातली सहा एप्रिल आणि घरातली 'पाडव्याची दुसरी सकाळ' त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या, इतकंच.

रात्री सगळे झोपल्यावर आत्ती माझ्या अंथरुणाशी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, छातीशी धरलेली. आत जुनं रेशन कार्ड, संघटनेचा बिल्ला, आणि चार घड्या घातलेला एक कागद. मामांच्या मृत्यूचा दाखला. छापलेले रकाने कन्नड, भरलेली शाई कन्नड.

"पोराचं चारित्र्य तपासत्यात न्हवं भरतीत?"

"हो."

"ह्यात काय लिवलंय ते मला म्हाईत न्हाई. दंगेखोर असं लिवलं आसंल तर?"

पंचेचाळीस वर्षं. दादालाही तिनं तो कधी दाखवला नव्हता. कोल्हापुरात कन्नड येणारी माणसं शेकड्यांनी आहेत, पण त्यातल्या कुणी वाचला आणि बाहेर बोललं तर? मी समजावलं की पडताळणी उमेदवाराची होते, आजोबांची नाही. तिनं ऐकून घेतलं. "कायदा तसा आसंल," म्हणाली. म्हणजे पटलं नव्हतं.

मला झोप लागली नाही. निलाबती बेहेरा हे नाव मी ऑफिसात किती वेळा टाइप केलं असेल. ओडिशातली आई. पोलिसांनी नेलेला बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रुळांजवळ मेलेला सापडला. तिनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टानं पत्रालाच याचिका मानलं, आणि १९९३ साली सरकारला दीड लाख भरपाई द्यायला लावली. आज कोठडीतल्या मृत्यूची कुठलीही याचिका तिच्या नावावाचून पुरी होत नाही. पण पत्र लिहायला आधी आपल्या हातात काय आहे ते वाचता यावं लागतं.

तिसरा दिवस

निपाणीला जायला सोन्यानं मित्राची ओम्नी आणली. दादा आला नाही. शिफ्ट आहे म्हणाला. फौंड्रीला पाडव्याची जोडून सुट्टी होती, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

गोकुळ शिरगाव, कागल, दूधगंगेचा पूल, आणि पलीकडं कोगनोळीचा टोलनाका. पाट्या बदलल्या. तेव्हाचा चार नंबरचा हायवे आता अठ्ठेचाळीस झालाय आणि रुंदीकरणाची धूळ अजून बसलेली नाही. नाक्यापाशी खाकीतले दोघं उभे होते, आमच्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. आत्तीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि यमगर्णीला वेदगंगा ओलांडेपर्यंत सोडला नाही.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आत्ती त्या जागी कधीच गेली नव्हती. मामांना घरी आणलं ते सासऱ्यांनी. ती दारात होती. त्यानंतर निपाणीवरून जाताना ती बसमध्ये डोळे मिटून घ्यायची. "हितंच का?" असं तिनं विचारलं तेव्हा सोन्याला आणि मला काहीच सांगता येईना. उड्डाणपूल, सेवारस्ता, टायरची दुकानं, उसाचे ट्रॅक्टर. तंबाखूचा वास तेवढा कुठूनतरी येत होता.

एका टपरीसमोर गाडी लावली. बाकड्यावर एक म्हातारा बसला होता, टोपी, जाड चष्मा, हातात कन्नड पेपर, आणि टपरीवाल्याशी बोलत होता मराठीतून. निपाणीत हे रोजचंच. मी चहा सांगितला. आत्ती दोन घोट प्याली, पिशवी उघडली आणि मला न विचारता कागद त्याच्यापुढं धरला. "दादा, एवढं वाचून दावता?"

त्यानं चष्मा कपाळावर ढकलून कागद नाकाशी नेला. एकेक रकान्यावर बोट ठेवत वाचायला लागला. नाव. बापाचं नाव. पुरुष. तारीख, सहा चार एक्याऐंशी. तारखेवर त्याचं बोट थांबलं, पण तो काही बोलला नाही. ठिकाण निपाणी. नोंदणीचा नंबर. सही, शिक्का.

"आनि?"

"आनि काय न्हाई, अक्का."

"कशानं गेला ते?"

"त्यो रकानाच न्हाई."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी कागद घेऊन उलटसुलट पाहिला, जणू मला कन्नड येतं. आणि मग आठवलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा, कलम १७. रजिस्टरात मृत्यूचं कारण लिहिलेलं असलं तरी बाहेर देण्याच्या उताऱ्यात ते दाखवायचं नाही. कुणाच्या रोगाची चर्चा नको, असा चांगलाच हेतू असणार. हे मला काल रात्रीच सुचायला हवं होतं. देशातल्या कुठल्याच दाखल्यावर ते नसतं, मग माणूस तापानं गेलेला असो की गोळीनं.

"म्हंजे दंगेखोर न्हाई लिवलेलं."

"नाही."

ती थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिली. "आनि गोळी लागली, आसं बी न्हाई?"

कुणीच उत्तर दिलं नाही. टपरीवाल्यानं उगाचच स्टोव्हला पंप मारला.

म्हातारा मग स्वतःहून बोलायला लागला, पण गोळीबाराबद्दल नाही. आंदोलननगरात भाकरी कुठनं कुठनं यायच्या, कुणाच्या पिठल्यात मीठ जास्त असायचं, रात्री भजन कसं रंगायचं. वखारीतल्या बायका, बिडीच्या बायका, त्यांचाही तेव्हा मजुरीसाठी लढा चालला होता. "हितं गोळ्या काय पयल्यांदा न्हवत्या सुटल्या," म्हणाला. "छप्पनला महाराष्ट्रात जायचं म्हणून लोक उठले, तवा कमळाबाई मोहित्यांना लागली. आमच्या आईनं बघितलंय." त्या जानेवारीत बेळगावातही चौघं गेले. दर १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन असतो. पुढं १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या वेळी आणखी नऊ. त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. आठशे पासष्ट गावांचा दावा कोर्टात आहे आणि कोल्हापुरी चपलेला मात्र २०१९ मध्ये एकच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. चप्पल सुटली म्हणायची.

उठता उठता तो आत्तीकडं न बघता म्हणाला, "मी बी हुतो त्या दिवशी. धुरात काय दिसंना. पळालो बगा. मागं वळून बघितलं न्हाई. हितंच ऱ्हातो, रोज ह्या रस्त्यावर येतो, पर..."

"पळालासा ते बरं केलासा," आत्ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. चहाचे पैसे त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत.

परत येताना सोन्यानं गाडी मुरगूडच्या रस्त्याला घातली. गारगोटी बघूया म्हणाला, पुस्तकात आहे. मुदाळच्या बाजूला हुतात्मा स्वामी-वारके सूतगिरणीचं नाव दिसलं तसा तो तारखा सांगायला लागला. १३ डिसेंबर १९४२, गारगोटी कचेरीवर हल्ला, सात हुतात्मे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. त्या सातांची नावं दगडावर आहेत, दोघांची तर गिरणीला आहेत, दरवर्षी अभिवादन होतं, आणि ते व्हायलाच हवं. माझी तक्रार पुस्तकाबद्दल आहे. गेलेल्या सरकारनं मारलेला माणूस प्रश्नोत्तरात येतो, पुढं चालू असलेल्या सरकारनं मारलेला येत नाही. आत्ती स्मारकापाशी उतरली, हात जोडले, आणि विचारलं, "ह्यांच्या बायका कुठं गेल्या?" सोन्यानं मोबाईल काढला. काही सापडलं नाही.

घाटवळणं संपल्यावर अंधार पडला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सोन्या म्हणाला, "आज्जी, मी भरती झालेलं चालंल का तुला?"

"पगार किती ऱ्हातो?"

त्यानं आकडा सांगितला.

"बघू," आत्ती म्हणाली.

चौथा दिवस

माझी गाडी दहाची. सोन्या पहाटे पाचला विद्यापीठाच्या मैदानावर पळायला जातो, एरवी एकटाच. आज आत्ती शाल घेऊन दारात तयार. "चल, तुझं पळणं बघू." मैदानावर दीड-दोनशे पोरं असतील. खेड्यातली, कुणी बूट घातलेली, बरीच अनवाणी. एका कडेला गोळाफेक चाललेली, सव्वासात किलोचा लोखंडी गोळा धप्पकन मातीत रुतायचा. पहिल्या दोनदा आत्ती दचकली, तिसऱ्यांदा नाही.

सोन्यानं माझ्या हातात मोबाईल दिला. सोळाशे मीटरला वीस मार्क असतात आणि दर सेकंदाला हिशेब असतो, हे तो मला तीनदा सांगून झाला होता. मी बटण दाबलं. धुक्यात पोरं सुटली. एवढे पाय एकदम मातीवर पडायला लागले की आवाज जमिनीतून येतो.

आत्ती कठड्याला धरून उभी होती. पहिल्या फेरीला गप्प. दुसऱ्या फेरीला सोन्या घोळक्यात मागं पडला, तशी ती कठड्यावर पुढं वाकली. शाल खांद्यावरून खाली आली. "पळ!" तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेजारचा कोच वळून बघायला लागला. "पळ ल्येका, मागं बगू नगंस, पळ!"

सोन्या आला तो गुडघ्यांवर हात टेकून, तोंडातनं वाफा. "किती?" मी मोबाईल बघितला. घड्याळ चालूच होतं, बंद करायचं मी विसरले होते.

"काय आत्या तुम्ही," म्हणाला. आत्तीनं शाल उचलली, त्यातली माती झटकली आणि त्याच्या पाठीवर टाकली. घरी जाताना वाटेत म्हणाली, "माळ्यावरच्या चपला घिऊन जा बाई. न्हाईतर उंदीर खातील."

मी पिशवीतूनच नेल्या.